मराठी येतं, पण मराठी शिकवता येतं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, सर. नाशिक जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तुम्ही मराठी शिकवता. एम.ए. झालेल्या तुमच्या दोन हुशार विद्यार्थिनी गेल्या वर्षी सीबीएसईच्या एका शाळेत मराठीच्या शिक्षिका म्हणून लागल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे येऊन म्हणाल्या, ‘‘सर, मुलांना काहीच कळत नाही, शेवटी आम्ही मराठी हिंदीतूनच शिकवतो.’’ पुढच्या बॅचसाठी तुम्हाला दोन श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा, अभ्यासक्रम आखायचा आहे. त्यात व्याकरण किती घ्यावं, अध्यापनपद्धती किती आणि बालसाहित्य किती, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २६ वर्षं बी.एड.च्या छात्राध्यापकांना मराठीची अध्यापनपद्धती शिकवते आहे. त्याआधी चार वर्षं बँकांमधल्या आणि कारखान्यांमधल्या अमराठी लोकांचे संध्याकाळचे मराठीचे वर्ग घ्यायचे. त्या अनुभवावरून सांगते, व्याकरण किती आणि बालसाहित्य किती हा हिशोब नंतरचा आहे. खरी अडचण ही आहे की तुमच्या त्या दोघी मराठी कधी शिकल्याच नाहीत. त्यांना ती आली. आईच्या कडेवर, अंगणात, भांडणात, लग्नघरात आली. शाळेत गेल्या तेव्हा मराठी घेऊनच गेल्या, आणि पुढची सतरा वर्षं त्यांनी साहित्य शिकलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मराठीचा तास म्हणून जे चित्र आहे ते असं: सर कविता वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, भावार्थ सांगतात, स्वाध्याय देतात. समोरच्या मुलाला नव्वद टक्के शब्द आधीच येतात असं गृहीत धरून रचलेला हा तास आहे. ज्याला ‘फळा’, ‘पुसणं’ आणि ‘काल’ हेच शब्द ठाऊक नाहीत, त्याच्यापुढे तो तास उभाच राहत नाही. मग हिंदीचा आधार घ्यावा लागतो. यात त्या मुलींचा दोष नाही. दुसरी भाषा शिकवणं हे वेगळं काम आहे, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे काम आता मोठ्या प्रमाणावर आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना मराठी सक्तीची झाली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीच्या वर्गांपासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली, आणि न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. शाळांना शिक्षक लागले, शिक्षक आपल्या मराठी विभागांतून गेले, आणि आपले विभाग मात्र पूर्वीसारखेच साहित्य शिकवत राहिले. म्हणून तुम्ही हा अभ्यासक्रम काढताय याचा मला मनापासून आनंद आहे.

आधी एक सांगून ठेवते. तुमचे विद्यार्थी पुढे कुणाला शिकवणार, यावर बरंच अवलंबून आहे. मुंबई-ठाण्याच्या शाळेतल्या मुलाच्या कानावर रिक्षात, बाजारात, इमारतीत मराठी पडत असते. त्याला कळतं पुष्कळ, बोलायला तोंड उघडत नाही. गावाबाहेरच्या निवासी शाळेतल्या मुलाला दिवसातल्या त्या एका तासिकेखेरीज मराठी ऐकायलाच मिळत नाही. वडिलांच्या बदलीमुळे थेट सहावीत आलेलं मूल तर आणखी अडचणीत असतं, कारण वर्ग पुढे गेलेला आणि त्याची पाटी कोरी. तुमच्या जिल्ह्यात मालेगावच्या उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलांना मराठीबरोबर डावीकडून उजवीकडे जाणारी नवी लिपीही शिकायची असते. हिंदी घरातल्या मुलाला देवनागरी आधीच येत असते. या सगळ्यांना एकच पाठटाचण चालत नाही. तेव्हा मी पुढे जे सांगते त्यातला क्रम तुमच्याकडे बदलेल. पण तीन गोष्टी मी कुठेही सोडणार नाही: विद्यार्थ्यांना आधी स्वतः शिकणाऱ्याच्या जागी बसवा, त्यांना आपल्या मराठीकडे बाहेरून बघायला लावा, आणि पहिल्याच महिन्यात खरा अमराठी माणूस त्यांच्या समोर आणा.

पहिली गोष्ट. माझ्या वर्गाचा पहिला तास मी घेतच नाही. आमच्या ओळखीतल्या एक तमिळ बाई येतात आणि चाळीस मिनिटं फक्त तमिळमध्ये बोलतात. हिंदी नाही, इंग्रजी नाही. त्या हाताने खूण करून म्हणतात, ‘इंगे वा’, इकडे ये. मग ‘अंगे पो’, तिकडे जा. मग ‘उट्कारु’, आणि स्वतः खुर्चीत बसतात. पंधरा-वीस वेळा हेच फिरवून फिरवून होतं. विसाव्या मिनिटाला वर्ग उठतो, बसतो, दाराकडे जातो, परत येतो. एकाही विद्यार्थ्याने तोंडातून तमिळ शब्द काढलेला नसतो, तरी सगळ्यांना पाच-सहा आज्ञा कळलेल्या असतात. मग त्या बाई, आम्ही आधी ठरवलेलं असतं त्याप्रमाणे, एक लांबलचक वाक्य भराभर बोलतात आणि एका मुलाकडे बघून उत्तराची वाट पाहतात. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मान खाली जाते, कान लाल होतात.

तास संपल्यावर मी विचारते, तुम्हाला काय झालं ते लिहा. तमिळबद्दल लिहू नका, स्वतःबद्दल लिहा. दर वर्षी वह्यांमध्ये जवळपास त्याच गोष्टी येतात: ‘बाई हळू बोलत होत्या तोवर छान वाटलं’, ‘शेजारची चुकली तेव्हा हायसं वाटलं’, ‘मला बोलायला लावलं असतं तर मी उद्या आले नसते’. एवढं झाल्यावर मी नावं सांगते. आज्ञा देऊन अंगानेच शिकवण्याची ही रीत जेम्स आशर या मानसशास्त्रज्ञाने मांडली. कळेल अशी भाषा भरपूर कानावर पडली पाहिजे, आणि बोलण्याआधीचा मूक काळ मुलाला दिला पाहिजे, हे भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी आग्रहाने सांगितलं. क्रॅशन यांच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली आणि तीही मी शिकवते. पण आधी अनुभव आणि मग नाव, हा क्रम मी मोडत नाही. उलट केलं की मुलं व्याख्या पाठ करतात आणि शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात पाच वर्षांच्या मुलाला उभं करून ‘पूर्ण वाक्यात उत्तर दे’ म्हणतात.

दुसरी गोष्ट, मराठीकडे बाहेरून बघणं. इथे तुमचं एम.ए.चं व्याकरण फारसं कामाला येत नाही. समास, अलंकार, प्रयोगांचे प्रकार हे मराठी येणाऱ्याला मराठी समजावून सांगण्यासाठी रचलेलं व्याकरण आहे. शिकणाऱ्याला अडखळायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

माझंच सांगते. माझ्या पहिल्या वर्षीच्या वर्गात एक बंगाली बँक अधिकारी होते. त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’. का?’’ मी म्हणाले, ‘‘असंच असतं.’’ त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि परत कधी प्रश्न विचारला नाही. बंगालीत नामांना व्याकरणातलं लिंगच नसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने मी प्रत्येक वस्तूला एक अनाकलनीय चिठ्ठी चिकटवत होते. आज मी नाम एकटं शिकवतच नाही. ‘मोठा फळा, मोठी खुर्ची, मोठं टेबल’ अशी जोडी शिकवते, म्हणजे लिंग कानाने बसतं. शेवटी ‘आ’ असलेली पुष्कळ नामं ‘तो’ असतात (पंखा, दरवाजा, रस्ता), ‘ई’ असलेली पुष्कळ ‘ती’ (खिडकी, वही, पिशवी), ‘ऊ’ असलेली काही ‘ते’ (लिंबू, पिल्लू). लगेच अपवाद येतात: शाळा आणि भाषा ‘ती’, हत्ती ‘तो’, पाणी ‘ते’. तरी पन्नास टक्के प्रश्न सुटतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की या भाषेत काहीतरी शिस्त आहे. ते वाटणं फार महत्त्वाचं असतं.

आता एक गंमत बघा. आज्ञांनी सुरुवात करायची म्हणून माझी एक छात्राध्यापिका मिश्र वर्गात ‘बस’, ‘ऊठ’, ‘ये’, ‘जा’ घेत होती. छान चाललं होतं. मग ती म्हणाली, ‘‘उभा राहा.’’ मुलगे उभे राहिले. मुलींकडे बघून ‘‘उभी राहा’’. मग सगळ्यांना ‘‘उभे राहा’’. एक मुलगी गोंधळून बसून राहिली, कारण तिने शब्द वेगळा ऐकला होता. ‘उभा राहा’ ही साधी आज्ञा नाही, तिच्यात लिंग आणि वचन दडलेलं आहे, हे त्या छात्राध्यापिकेला त्या क्षणापर्यंत जाणवलंच नव्हतं. आणि त्याच तासाला ‘‘खाली बस’’ म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक हिंदीभाषक मुलगा हसू दाबत शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘खाली बस? कौन सी बस?’’ हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामी. अशा शब्दांची यादी मी विद्यार्थ्यांकडूनच करून घेते: शिक्षा, राग, चेष्टा, संसार, खाली. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा. हिंदी आणि मराठी जवळच्या आहेत म्हणून शिकवणं सोपं, असं सगळे म्हणतात. वाचायला सोपं जातं, हे खरं. पण जवळच्या भाषेत चुका लवकर पक्क्या होतात, कारण चुकलं तरी समोरच्याला कळतं आणि कुणी दुरुस्त करत नाही.

सामान्यरूप हा सगळ्यात मोठा डोंगर. घर-घरात, शाळा-शाळेत, रस्ता-रस्त्यावर. नियम सांगत बसलात तर वर्ग झोपतो. मी स्थानकांची नावं घेते. ‘तू कुठे राहतोस?’ दादरला, कल्याणला, ठाण्याला, पुण्याला. ‘ठाणे’चं ‘ठाण्या’ का झालं आणि ‘दादर’चं ‘दादर’च का राहिलं, हे मुलंच शोधतात. तुमच्याकडे मनमाडला, येवल्याला, सटाण्याला, निफाडला घ्या. येवला आणि सटाणा पुरेसे आहेत, दहा मिनिटांत निम्मा वर्ग बरोबर रूप काढतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येते, आणि तुमच्या ३० तासांचा मोठा हिस्सा इथे जावा असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक खरा अमराठी माणूस द्या. महाविद्यालयाचा सुरक्षारक्षक, कॅन्टीनचा मदतनीस, वसतिगृहातला परप्रांतीय विद्यार्थी, कुणाच्या सोसायटीतली नवी भाडेकरू. आठवड्याला एक तास, सहा आठवडे. त्या माणसाच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. घरी जाऊन त्यातली फक्त पाच मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढायची, अडखळणं आणि ‘अं’सुद्धा.

एका वर्षी एका मुलीला आमच्या इमारतीचे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक मिळाले, बलिया जिल्ह्यातले. तिने पहिल्या तासासाठी वर्णमालेचा सुंदर तक्ता केला होता. काका नम्रपणे ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तिने पाच मिनिटं उतरवून आणली, तेव्हा त्यांतली सव्वाचार मिनिटं ती स्वतः बोलली होती. काकांच्या तोंडी अकरा शब्द होते, त्यांतले सात ‘‘हो मॅडम’’ यातलेच. ती वही माझ्यासमोर ठेवून गप्प बसली. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

पुढच्या खेपेला तिने त्यांना विचारलं, तुम्हाला मराठीत काय काय बोलावं लागतं? त्यांनी लगेच सांगितलं: गाडी इथे लावू नका, कुणाकडे जायचंय, वहीत नाव लिहा, साहेब घरी नाहीत. चार वाक्यं. या चार वाक्यांवर तिने तीन तास काढले, आणि त्यांत काय नव्हतं? आज्ञार्थ होता, नकार होता, ‘जायचंय’ होतं, सामान्यरूप होतं. काका म्हणायचे, ‘‘गाडी इथे नको लावा’’. सरळ ‘मत लगाओ’वरून आलेलं. तिने ‘लावू नका, बसू नका, थांबू नका’ अशी साखळी करून घेतली. चौथ्या आठवड्यात काका आपणहून म्हणाले, ‘‘मॅडम, चप्पल इथे काढू नका.’’ ‘काढू नका’ तिने शिकवलंच नव्हतं. त्यांनी ते स्वतः घडवलं होतं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगताना रडली, आणि मलाही भरून आलं.

याच वहीतून तिला आणखी एक शोध लागला. काका म्हणत, ‘‘तो माणूस गाडी लावला.’’ तिच्या मैत्रिणीकडे दिल्लीहून आलेला एक मुलगा होता, तो म्हणायचा, ‘‘मीने काम केलं.’’ एकाचा ‘ने’ गायब, दुसऱ्याचा नको तिथे. दोघांनाही आपण ‘हिंदीवाले’ म्हणतो. पण काकांच्या घरची भाषा भोजपुरी, आणि भोजपुरीत हा ‘ने’ नाही. दिल्लीच्या मुलाच्या हिंदीत ‘मैंने’ आहे, म्हणून त्याने ‘मी’लाही ‘ने’ जोडला. मराठीत ‘त्याने केलं’ पण ‘मी केलं’, हे आपल्याला कधी विचित्र वाटलंच नाही, कारण आपण ते ऐकतच वाढलो.

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये, या दोन भाषाशास्त्रज्ञांनी हेच मांडलं: शिकणाऱ्याच्या चुका हा केर नाही, त्या त्याच्या डोक्यात तयार होत असलेल्या भाषेच्या खुणा आहेत. म्हणून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक चुकांची वही असते. डावीकडे शिकणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, मध्ये ‘त्याला असं का वाटलं असेल’, आणि उजवीकडे ‘मी पुढच्या तासाला काय करीन’. मधला रकाना भरता येऊ लागला की मी समजते, हा विद्यार्थी शिक्षक होऊ लागला. लाल शाईने फक्त उजवीकडे दुरुस्ती लिहिणाऱ्याला मराठी येते, एवढंच कळतं.

सरावपाठांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. बी.एड.मध्ये आपण सूक्ष्म अध्यापन घेतो: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा, असं ३६ मिनिटांचं चक्र. प्रश्न विचारण्याचं किंवा फलकलेखनाचं कौशल्य घोटवायला ते चांगलं आहे. पण दुसऱ्या भाषेच्या बाबतीत त्यात मोठी फसगत होते. समोर ‘विद्यार्थी’ म्हणून वर्गमित्रच बसलेले असतात आणि त्यांना मराठी येते! ‘‘हे काय आहे?’’ म्हटलं की दहा हात वर होतात, पाठ छान होतो, गुण मिळतात. मी स्वतः कित्येक वर्षं असे पाठ बघून पूर्ण गुण दिले आहेत, आणि त्यातल्या काही मुली पुढे शाळेत पहिल्याच महिन्यात खचल्या. त्याची जबाबदारी मी माझ्याकडे घेते. तेव्हापासून माझा नियम आहे, समोर किमान निम्मे खरे अमराठी शिकणारे असल्याशिवाय पाठाला गुण नाहीत. जवळच्या हिंदी, उर्दू किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. अर्ध्या तासाच्या दोन तासिका मागा. बहुतेक जण देतात, कारण मराठीचा प्रश्न त्यांनाही पडलेला असतोच.

कोणती पद्धत सर्वांत चांगली, असा तुमच्या प्रश्नात एक धागा होता. यावर मी लांब बोलणार नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजीवर एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण न शिकवता नकाशा, वेळापत्रक अशी कामं द्यायची आणि ती सोडवता सोडवता भाषा यावी, असा तो होता. पण त्याच प्रभूंनी १९९० मध्ये लिहिलं की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच; आपण करतोय ते शिकणाऱ्याच्या आत कसं पोचतं याची शिक्षकाची स्वतःची समज जागी असणं महत्त्वाचं. मी माझ्या वर्गात भाजीच्या पावतीवर आणि बसच्या वेळापत्रकावर कामं देते, आज्ञाही घेते, गोष्टही सांगते, कधी सरळ तक्ता करून रूपंही घोकून घेते. मोठ्या माणसांना तक्ता आवडतो. पाच वर्षांच्या मुलाला तो दाखवू नका.

हिंदीचं काय करायचं? तुमच्या मुलींना तीच टोचणी आहे. हिंदीला बंदी नको. घाबरलेल्या मुलाला त्याच्या भाषेत धीर देण्यात काहीच चूक नाही, आणि ‘उधार’ म्हणजे काय हे एका शब्दात सांगून मोकळं होणं अभिनयापेक्षा कधी कधी बरं. पण वर्गाचा व्यवहार मराठीतच हवा: वही काढा, पान उलटा, कोण आलं नाही, पंखा लाव, दार उघड. ही पंधरा-वीस वाक्यं रोज, त्याच शब्दांत, त्याच खुणेसह. आपण धडा हिंदीत समजावतो आणि ‘आता उत्तर मराठीत लिहा’ म्हणतो. त्यापेक्षा धडा अर्धाच होऊ दे, पण वर्ग मराठीत चालू दे.

पाठ्यपुस्तकाबद्दल थोडक्यात. मराठी ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्यासाठी राज्य मंडळाची सुलभभारती आणि नववी-दहावीसाठी अक्षरभारती आहे. त्यांची पहिल्या भाषेच्या पुस्तकांशी तुलना तुमच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या. मग एक पाठ निवडून त्यातून दहा शब्द आणि तीन वाक्यरचनाच निवडायला सांगा. एवढंच शिकवायचं, बाकी ऐकायचं. निवडता येणं हे फार कठीण कौशल्य आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटते, आणि त्याला ते सोडवत नाही.

एक विषय तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्याकडे येणारच: कोणती मराठी? तुमच्या वर्गात बागलाणातली, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली अहिराणी बोलणारी मुलं असतील. घरी ‘काय करी ऱ्हायना?’ आणि वर्गात ‘काय करतोयस?’ या दोन्हींमध्ये ती रोज ये-जा करतात. अशा मुलांना आपण प्रमाणभाषेच्या नावाने संकोचून बसायला शिकवतो, आणि मग ती भाषेच्या शिक्षकाचं काम आपलं नाही असं समजतात. माझा अनुभव अगदी उलटा आहे. दुसरी भाषा शिकवायला ज्यांना लवकर जमतं त्यांच्यात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिल्ली, पावरी बोलणारी मुलं नेहमी असतात. शाळेत गेल्यावर वर्गातलं काहीच न कळण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असतो. शुद्ध बोलणाऱ्या शहरी विद्यार्थ्याला जे मला तमिळ बाई बोलावून शिकवावं लागतं, ते यांना आधीच ठाऊक असतं. त्यांना वर्गात बोलतं करा: ‘तू प्रमाण मराठी कशी शिकलास?’ त्या एका प्रश्नावर दोन तास निघतात. ‘न’ आणि ‘ण’ यांचे उच्चार शिकवताना शिक्षकाने काळजी घ्यायलाच हवी. पण पाचवीतल्या मुलाने दुकानात ‘पानी द्या’ म्हटलं तर त्याला पाणी मिळतं, आणि आपण तिथे अडवणूक केली तर तो पुढच्या वेळी मराठीत मागणारच नाही.

आता तुमच्या ३० तासांचा हिशोब. मी असा लावीन: पहिले चार तास विद्यार्थी स्वतः एक अनोळखी भाषा शिकतील आणि लिहितील. सहा तास मराठीकडे बाहेरून बघण्यासाठी, त्यात वर्गात ज्यांच्या घरी दुसरी भाषा आहे त्यांची मदत घ्या. दहा तास त्या खऱ्या माणसाबरोबरचे सहा आठवडे आणि वह्यांवरच्या चर्चा. सहा तास शाळेतले पाठ आणि त्यांचं निरीक्षण. उरलेले चार पाठ्यपुस्तक आणि चाचण्यांसाठी. लेखी परीक्षा घेऊच नका. विद्यापीठाला गुण लागतात, तर चुकांच्या वहीला आणि दोन ध्वनिमुद्रणांना गुण द्या, एक पहिल्या आठवड्यातलं आणि एक सहाव्यातलं. शिक्षकाचं बोलणं किती कमी झालं, हे तिथे कानांनी ऐकू येतं. जमलं तर एक दिवस पुण्याला डेक्कन कॉलेजच्या आवारातल्या पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्रात घेऊन जा. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं हे केंद्र. तिथे दुसऱ्या राज्यांतले शिक्षक दहा महिन्यांत मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकतात. वयाने मोठा, हिंदी घरातला माणूस सहज मराठीत बोलतोय हे विद्यार्थ्यांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

हा अभ्यासक्रम करून कुणी शिक्षक होणार नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा. नोकरीसाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, हे लागणारच. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेशी संबंध येतो. तुमच्याकडून चुकांची वही घेऊन गेलेला विद्यार्थी त्या २० आठवड्यांत काय बघायचं हे जाणून जाईल. ३० तासांकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते.

आणि त्या दोघींसाठी, कारण त्यांचं वर्ष अजून चालू आहे. त्यांना सांगा की उद्या वर्गात गेल्यावर धडा पुढे नेऊ नका. हजेरीच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात ते लिहा. ‘हिंदी’ असं उत्तर आलं तर आजी कोणत्या भाषेत बोलते ते विचारा, म्हणजे भोजपुरी, मारवाडी, छत्तीसगढी बाहेर येईल. मग वर्गाचा रोजचा व्यवहार चालवणारी पंधरा वाक्यं ठरवा आणि एक महिना तीच वापरा. महिन्यानंतर त्यांनी मुलांकडून ऐकलेली दहा वाक्यं, चुकांसकट, तुमच्याकडे आणू देत. ती मला पाठवा. आपण दोघं मिळून मधला रकाना भरू.